फुंकरीपुरती जागा

मी माणसांचे कान तपासतो. दवाखान्याच्या मागच्या बाजूला काचेची एक लहानशी खोली आहे. तिच्यात पेशंटला बसवायचं, हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "आवाज आला की दाबा." मग बाहेर बसून मी बारीक बारीक आवाज सोडत राहतो. तपासणी झाली की नातेवाइकांना आत बोलावून माझं ठरलेलं भाषण देतो. "ओरडू नका. सावकाश बोला. एक वाक्य झालं की जरा थांबा, त्यांना ते पोचू द्या, मग पुढचं बोला." एकोणीस वर्षं हे भाषण देतोय. लोक माना डोलावतात, मला शहाणा समजतात. मीही समजतो.

आणि संध्याकाळी घरी येऊन हाच शहाणा गिटार काढतो, मेट्रोनोम मिनिटाला दोनशे आठ ठोक्यांवर लावतो आणि सुसाट सुटतो.

आमच्याकडे दरवर्षी हौशी लोकांची गिटार स्पर्धा होते. गुणपत्रिकेत तीन रकाने असतात: वेग, सफाई, भाव. प्रत्येकी दहा गुण. वेगात मी नवाच्या खाली कधी आलो नाही. सफाईत आठ ठरलेले. भावात पहिल्या वर्षी तीन मिळाले, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी पुन्हा तीन, तेव्हा मला वाटलं, चला, गाडी रुळावर येतेय. मागच्या वर्षी पुन्हा दोन, आणि शेऱ्याच्या जागी परीक्षकबाईंनी लिहिलं, "कुठे जायची घाई आहे?" बायकोने तो कागद फ्रिजवर चिकटवला.

"भाव दोन," ती म्हणाली, "म्हणजे लग्नात दाखवले होतेस तेवढेच की."

स्पर्धेतले लोक मला मिक्सर म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं, काय सांगू!

आता मी वाजवतो काय, तर दरवर्षी एकच धून. ती माझ्या बाबांची. बाबा चाव्या बनवायचे. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर बाबांना बाहेर यावं लागेल. चावी पकडीत अडकवायची, कानशीने दाते घासायचे, आणि घासता घासता शिट्टीवर ही धून. कुठून आणली कुणास ठाऊक, त्यांनाही ठाऊक नव्हतं. शाळा सुटली की मी दुकानाच्या पायरीवर बसून ती ऐकायचो. मधे मधे बाबा अडायचे. दोन ओळी व्हायच्या की शिट्टी थांबायची, मग जरा वेळाने पुढे सुरू. मला वाटायचं, बाबांना पुढचं आठवत नाही. मी मोठ्या मनाने ते खपवून घ्यायचो.

नंतर दुकानात चावी कापायचं यंत्र आलं, त्याच्याशेजारी उभं राहून राहून बाबांचे कान गेले. आपलीच शिट्टी आपल्याला ऐकू येईना, तेव्हा त्यांनी ती सोडून दिली. पुढे दुकानही सोडलं आणि दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आले. मी त्यांना कानातलं मशीन बसवून दिलं. ते त्यांनी मुख्यतः शर्टाच्या खिशाला घातलं.

गिटारवर ती धून बसवताना मी काय केलं, तर आधी त्या अडलेल्या जागा काढून टाकल्या. मधे रिकामं सोडलं तर परीक्षकांना वाटायचं, हा विसरला. मग वेग वाढवला. दर वर्षी दहा ठोके. मला नंबर नको होता म्हणालो तर बायको फिदीफिदी हसेल. नंबर हवाच होता. पण त्याहून जास्त एक गोष्ट हवी होती. बाबांनी ऐकावं आणि म्हणावं, "अरे, ही तर माझी शिट्टी!"

घरात रियाज करताना मी मुद्दाम त्यांच्या समोर बसायचो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय रे, नळ दुरुस्त करतोयस का?"

मी मनाची समजूत घातली की खोली बरोबर नाही, आवाज घुमतो, मशीन जुनं झालंय. दोष सगळ्यांना देऊन झाला, मी सोडून. या वर्षी त्यांना नवं मशीन करून दिलं, स्वतः तीनदा तपासलं, आणि स्पर्धेला घेऊन गेलो. मोठा हॉल, मोठे स्पीकर, पहिल्या रांगेतली खुर्ची. आता कसे ओळखत नाहीत तेच बघतो, असा माझा आवेश.

सकाळी पहिली फेरी होती. माझं नाव पुकारल्यावर मागून कुणीतरी "मिक्सर!" ओरडलं आणि मी हात उंचावून अभिवादनसुद्धा केलं. सुरुवात झाली. बोटं अशी पळत होती की माझाच माझ्यावर विश्वास बसेना. पहिल्या दोन ओळी संपल्या, मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाबांकडे पाहिलं. बाबांचा हात वर गेला. मला वाटलं, ओळखलं! हात कानाशी गेला. त्यांनी मशीन काढलं, रुमालात गुंडाळलं, खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं.

एकोणीस वर्षांत किती लोकांना मी दटावलंय की मशीन काढून खिशात ठेवायचं नाही. पण स्टेजवर बसून आपण काय दटावणार? माझे हात वाजवत राहिले. ते माझ्यावाचूनही वाजवतात, हे मला तेव्हा समजलं.

खाली आलो तर बायको म्हणाली, "अरे, त्यांना त्रास होत होता. तुझ्या पेशंटशी तू असा बोलतोस का?"

मी काहीतरी तडकून बोलणार होतो, तोच माझंच भाषण मला आठवलं. ओरडू नका. सावकाश बोला. जरा थांबा. दिवसातून दहा वेळा मी जगाला सांगतो, आणि ज्या एका माणसाला माझं काही ऐकवायचं होतं त्याच्यावर दोन वर्षं भडिमार करत आलो. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी बूट पुसत बसलो. बूट स्वच्छच होते.

वेगाच्या जोरावर मी आठांत आठवा येऊन अंतिम फेरीत गेलो. दुपारी पुन्हा स्टेजवर बसलो आणि ठरवलं, निम्म्या वेगाने वाजवायचं. ठरवणं सोपं असतं. पहिली ओळ सावकाश गेली. दुसऱ्या ओळीत बोटांना वाटलं, मालकाला बरं नाही, आपणच बघू. ती निघाली पळत. मी आवरलं, पुन्हा पळाली, पुन्हा आवरलं. दोनदा चुकलो. एकदा तार नुसतीच खरखरली. पण तिसऱ्या ओळीत कुठेतरी माझा खांदा सैल झाला आणि दुकानाची ती पायरी आठवली. वेग चार, सफाई पाच, भाव सहा. आयुष्यातला पहिला सहा! आणि नंबर शेवटचा. परीक्षकबाई मुद्दाम भेटून म्हणाल्या, "बरे आहात ना?"

बाबा टाळ्या वाजवत होते. मी धावत त्यांच्याकडे गेलो. "बाबा, ओळखलंत?"

"काय?"

मशीन खिशातच होतं. खिशाचं बटण लावलेलंच. सगळे वाजवताहेत म्हणून तेही टाळ्या वाजवत होते. मी गिटार पेटीत भरली. घरी येईपर्यंत बायकोने एकही टोमणा मारला नाही, म्हणजे माझी अवस्था काय असेल ते समजा.

घरी आल्यावर बाबांनी बातम्या ऐकायला मशीन लावलं. बायकोने टीव्ही बंद केला आणि गिटार माझ्या हातात दिली.

"इथे? आत्ता?"

"इथे गुण द्यायला कोणी नाही," ती म्हणाली. "वाजव."

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. मेट्रोनोम नाही, स्पीकर नाही. पेशंटशी बोलतो तसा वाजवू लागलो. एकेक सूर पोचू दिला. चौथ्या-पाचव्या सुराला बाबांची मान वर आली. मी वर पाहिलं नाही, हिंमतच नव्हती. दुसरी ओळ संपली आणि मी तिसरी धरली, तोच त्यांचा हात टेबलावर आपटला.

"चुकलं."

"काय चुकलं, बाबा?"

"हे माझं आहे," ते म्हणाले. "माझं आहे आणि तू चुकीचं वाजवतोयस. इथे थांबायचं असतं."

"तुम्ही विसरायचात ना तिथे?"

"विसरायचो?" बाबा केवढे चिडले! "अरे गाढवा, दोन ओळीत एक दाता घासून व्हायचा. मग पितळेचा चुरा फुंकायला नको? तोंड एकच. फुंकर मारायची की शिट्टी मारायची?"

त्यांनी माझ्यासमोरचा चमचा उचलला, डाव्या मुठीत धरला, उजव्या हाताने हवेतच कानस फिरवायला सुरुवात केली आणि ओठांचा चंबू केला. शिट्टी कसली, नुसती हवा. पण ओळी त्याच. दोन ओळी झाल्या. चमचा तोंडाशी नेला, हळूच एक फुंकर मारली, डोळा बारीक करून धार बघितली, आणि मग तिसरी ओळ.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, लपवण्यात अर्थ नव्हता. ज्या जागा मी विसराळूपणा म्हणून कापून टाकल्या होत्या, तेवढ्यातच बाबा आपलं काम बघायचे.

"पुन्हा वाजव," बाबा म्हणाले. "आणि पळू नकोस. दाते मोडतात."

मी पुन्हा वाजवलं. दोन ओळी झाल्या आणि हात तारांवरून उचलला. बाबांनी चमच्यावर फुंकर मारली, चमचा उजेडात धरून पाहिला, आणि मला मान हलवून खूण केली, की हं, आता पुढे.