टायमर कोणी काढला?

नोकरीतले मोठे गुन्हे विसरलो, पण ती एक किरकोळ चोरी अजून मनातून जात नाही.

तेव्हा मी सोलापुरात एका ठाण्याचा प्रभारी होतो. ऐन उन्हाळ्यात एका टॉवेल कारखान्याचे मालक तक्रार अर्ज घेऊन आले. विजेचा खर्च आटोक्यात यावा म्हणून त्यांनी शिलाई विभागातल्या पंख्यांच्या प्लगला टायमर लावले होते. दुपारी दोन तास पंखे आपोआप बंद होत. ते टायमर तिसऱ्यांदा गायब झाले होते.

वॉचमननं आमच्या बीट हवालदाराला बाजूला घेऊन सांगितलं, "बाहेरचं कोण न्हाय. गेटवर झडती हाय की. काय बी बाहेर गेलं न्हाय."

मी जागेची पाहणी केली. महागडी तांब्याची वायर जागेवर होती आणि पंखे फिरत होते. टायमर उपसून प्लग पुन्हा नीट बसवलेले. चोर एवढी तसदी घेत नाही. हे करणाऱ्याला टायमर नको होता, वारा हवा होता.

महिला हवालदाराला सोबत घेऊन शिलाई विभागातल्या बायकांकडे कारखान्यातच चौकशी सुरू केली. दोघींनी कानावर हात ठेवले. तिसरी पन्नाशीची, विणकर घरातली, जुनी कामगार. मान खाली घालून म्हणाली, "मीच काढले, साहेब. चिंध्यांच्या पोत्यात हायत. शेजारची पोरगी पोटुशी हाय. चक्कर येऊन मशिनवरच पडली."

"मालकांना सांगायचं होतं."

"सुपरवायझरला सांगितलं की. तो म्हणाला, बिल तुमी भरताय का?"

बाजूला उभ्या मालकांचा चेहरा उतरला. बाई भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हितं लई गरम का होतंय, ते तर बगा."

भिंतीलगत रंगखात्याकडे जाणारा बॉयलरचा पाइप होता. वेष्टण फाटलेलं, सांध्यातून वाफ सुटत होती. मी हात जवळ नेला आणि झटकन मागे घेतला.

मागून आलेला सुपरवायझर म्हणाला, हिला आजच काढून टाका. मालकांनी पाइपजवळ जाऊन फाटलेलं वेष्टण बघितलं. मग बाईंना म्हणाले, "उद्या वेळेवर या." तक्रार नसल्याचा जबाब त्यांनी लिहून दिला.

महिन्याभरानं ते भेटले. पाइप दुरुस्त झाला होता, बॉयलरला जळण कमी लागत होतं आणि चारपैकी दोन पंखे बायका आपणहून बंद ठेवत होत्या.

मला मात्र त्या दिवशी कारखान्यातच वेगळं काही बोचलं होतं. बचतीचा आदेश मीही काढला होता, त्यात ठाणे अंमलदाराच्या खोलीतला एक पंखा बंद केला होता. तिथं दिवसभर बसणाऱ्या माणसाला एका शब्दानं विचारलं नव्हतं. कारखान्यातून परतलो त्याच दिवशी त्याच्या खोलीत जाऊन बसलो आणि विचारलं, "इथं किती गरम होतं?"