खोली दिली, पण कोणी?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी सांगलीत कॉम्प्युटरचे क्लास घेत असे आणि मागणी आली की वेबसाइटही करून देत असे. गिऱ्हाइकांच्या ठाम समजुती मी वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवायचे. हलणारी अक्षरं म्हणजे ताजी बातमी. बटण दाबलं की पलीकडे कोणीतरी ऐकतं. सगळ्यात चिवट समजूत साताऱ्याच्या एका हॉटेलमालकांची होती.

त्यांचं हॉटेल महाबळेश्वरला. कोणती खोली रिकामी आहे, हे काउंटरमागच्या किल्ल्यांच्या फळीवरूनच कळायचं. वेबसाइटवरून आलेली मेल साताऱ्याच्या ऑफिसात पोचायची, तीही इंटरनेटचा फोन लागला तर. मग तिथून मॅनेजरला निरोप. म्हणून फॉर्म भरल्यावर दिसायला मी एवढंच लिहिलं होतं, ‘विनंती पाठवत आहोत, फोनवर कळवू.’

मालकांना ते कोरडं वाटलं. “खोली राखून ठेवलीय, सहकुटुंब या, असं लिहा.”

“पण खोली आहे का, हे त्या पानाला ठाऊक नसतं.”

“आवं मॅडम, तारीख टाकली नाही तर ते अडवतंय. म्हणजे तपासतंयच की.”

ते फक्त रकाना कोरा आहे का बघतं, तेही गिऱ्हाइकाच्याच कॉम्प्युटरवर. हे मी कागदावर चित्र काढून सांगितलं, फोनवर सांगितलं, त्यांच्या सौभाग्यवतींनाही सांगितलं. सगळे मान डोलवायचे. शेवटी मालकांनी साताऱ्यातल्या एका क्लासवाल्याकडून मला न विचारता ते वाक्य बदलून घेतलं. वर माउसच्या बाणामागे पळणारी एक स्ट्रॉबेरीही बसवून घेतली.

दिवाळीच्या सुट्टीत मी मॅनेजरना मेल उघडायला शिकवायला महाबळेश्वरला गेले होते. ते फौजेतून निवृत्त झालेले. मी मोडेमची वायर जोडत होते, तेवढ्यात पुण्याचं एक कुटुंब आत आलं. घाटात गाडी लागून बेजार झालेल्या आजी दारातच खुर्चीवर बसल्या. त्यांच्या मुलानं घरून छापून आणलेला कागद पुढे केला. खोली राखून ठेवलीय, सहकुटुंब या.

मॅनेजरनी फळीकडे पाहिलं. एकही किल्ली नव्हती. “साहेब, खोली न्हाई. मला कुनी सांगितलंच न्हाई.”

“तुमच्याच हॉटेलनं शब्द दिलाय.”

मालक आतून आले. कागद वाचून माझ्याकडे वळले. “मॅडम, तुमचा कॉम्प्युटर खोटं कसं बोलला?”

“माझा नाही, यांचा. यांच्या घरच्या कॉम्प्युटरनंच यांना तसं दाखवलं. मेल अजून साताऱ्यातच पडली असेल.”

मॅनेजर विचारात पडले. “म्हंजे ह्यांनी घरात बसून सोताच सोताला खोली दिली म्हना की.”

मालकांच्या वडिलांचा नियम होता, शब्द दिला की पाहुणा घाट उतरून माघारी जायचा नाही. त्या नियमावर हॉटेल उभं होतं, आणि तो आता एका छापील ओळीत अडकला होता. मालकांनी कागद खिशात घातला. “आमची खोली मोकळी करा.”

त्या खोलीत त्यांची बायको आणि माहेराहून आलेली बहीण उतरल्या होत्या. बायको पिशवी घेऊन बाहेर आल्या. “आता आमी कुटं जायाचं? कॉम्प्युटरमधी?”

त्या दोघी बहिणींची सोय हॉटेलच्या ऑफिसात गाद्या टाकून झाली. आजी आत जाऊन आडव्या झाल्यावर मालक माझ्यासमोर बसले. “लिहा तुमचं कोरडं.”

मी लिहिलं, ‘ही फक्त विचारणा आहे. खोली दिली असं फोनवर सांगितल्यावरच निघा.’

“फोनवर कोण सांगणार?”

“तुम्ही, नाहीतर मॅनेजर. फळी बघून.”

“मग तो आमचा शब्द. ठेवा.”

स्ट्रॉबेरी मात्र त्यांनी काढू दिली नाही. म्हणाले, तिच्यामुळे हाटेल जागं वाटतं.