लाभ, नी, सान…

पद्माने फोनवर मला सरळ प्रश्न विचारला होता आणि मी तिला खोटं उत्तर दिलं. भूपालबद्दल लिहायला बसलो की आधी हेच समोर येतं, म्हणून आधी हेच लिहितो. माझा मित्र भूपाल जाऊन सहा आठवडे झाले. शेवटच्या दिवसांत मी त्याच्यासाठी खूप धावपळ केली, असं निपाणीत बरेच जण म्हणतात. धावपळ केली, हे खरं आहे. पण त्याच धावपळीत त्याची आणि त्याच्या एकुलत्या एका मुलीची, पद्माची, शेवटची भेट मी होऊ दिली नाही, हेही तितकंच खरं आहे. हे छापायला देऊ का, असं तिला विचारलं तेव्हा ती "द्या" एवढंच म्हणाली.

भूपाल आणि मी शाळेत एका बाकावर होतो. मी पुढे शिकून हायस्कूलवर गणित शिकवायला लागलो आणि तो दहावीनंतर बाजारात अडत दुकानात मापावर उभा राहिला, तो तीस वर्षं तिथेच. आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, बरकत राहावी म्हणून 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन… अशी मोजणी चालते. भूपालच्या तोंडात ते इतकं बसलं होतं की तो जिन्याच्या पायऱ्या, पोळ्या, बसमधली माणसंसुद्धा 'लाभ'पासून मोजायचा.

पद्मा नर्सिंग शिकली आणि जपानमधल्या वृद्धाश्रमात काम मिळतं हे कळल्यावर बेळगावात टिळकवाडीला जपानी भाषेच्या वर्गाला जाऊ लागली. निपाणीहून सकाळची बस, दुपारची परत. घरी आली की अंगणात पाठांतर चालायचं. इची, नी, सान, शी, गो, रोकू… आकडे वेगात म्हणता आले पाहिजेत, कारण म्हाताऱ्या माणसांचे व्यायाम घेताना मोठ्याने मोजावं लागतं, असं तिच्या बाईंनी सांगितलं होतं. शेंगा निवडत बसलेल्या भूपालला ते ऐकून ऐकून पाठ झालं. एकदा मी गेलो तर मला म्हणाला, "मास्तर, ह्या लोकांनी लई सोपं करून ठेवलंय बघ. धा शब्द पाठ केलं की नव्व्याण्णवपर्यंत गाडी जातीया. अकरा म्हंजे धा-एक, बारा म्हंजे धा-दोन. न्हाय तर तुझं एकोणपन्नास आन् एकोणसाठ. किती पोरं रडवलीस रं त्यात?"

मी हसलो होतो, पण त्याचं म्हणणं बरोबर होतं. पुढच्या वर्षी पाचवीच्या वर्गावर मी ते सांगितलंही.

चार वर्षांपूर्वी पद्मा गेली. तिची कामाची पाळी संपली की आपल्या दुपारी चारच्या सुमारास तिचा व्हिडिओ कॉल यायचा. आधी जेवण, तब्येत, मग दोघांची मोजणी. तो खुर्चीत बसून व्यायामासारखे हात वर करायचा. "तिकडं तुझी वीस म्हातारी करत्यात, हिकडं मी एकटा," असं म्हणायचा आणि सुरू करायचा, "लाभ, नी, सान…"

"आप्पा, इची म्हणा की."

"पयल्याला एक म्हनायचं व्हय गं? मग रास उठलीच म्हनायची आपली."

ती हरायची. तिने तिथल्या एका आजींनाही 'लाभ' शिकवलं होतं, त्या 'राबु' म्हणायच्या. हे भूपाल बाजारभर सांगत फिरला. आपला शब्द जपानात गेला, याचं त्याला केवढं कौतुक.

मग जानेवारीतली ती सकाळ. भूपाल मापावरच कोसळला. बेळगावला दवाखान्यात नेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सहाव्या दिवशी, सावकाश सुधारणा होईल, घरी न्या, असं सांगून डॉक्टरांनी सोडलं. पहिल्याच दिवशी, दवाखान्याच्या बाकावर बसलेली त्याची बायको, सुमनवहिनी, मला म्हणाली, "भावजी, पद्मीला फोन लावूया की."

पद्माची तिथली सरकारी परीक्षा अकरा दिवसांवर होती. ती पास झाली तर तिला तिथे कायम राहता येणार होतं. तीन वर्षं ती त्यासाठी राबली होती. कागदपत्रं मी भरली होती, शाळेत सगळ्यांना मी सांगत होतो… तो अभिमानही त्यात होताच, आता लपवण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, "वहिनी, परीक्षा होऊ दे. मग मी स्वतः सांगतो."

"लेक हाय ती. तिला कळाय नगो?"

"सगळं टाकून येईल ती. वर्ष वाया जाईल."

"तुमास्नी जास्त कळतंय," वहिनी म्हणाली. मला जास्त कळत नव्हतं.

पद्माला मी कळवलं, आप्पांना जरा कफ झालाय, घसा बसलाय, फोनचा कॅमेरा बिघडलाय. चार-पाच दिवस ते चाललं. मग ती अस्वस्थ झाली. "काका, नुसता आवाज तरी ऐकवा."

भूपालला घरी आणल्यावर त्याचा हात वरखाली करायचं काम माझ्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी हात उचलताना मी सहज म्हणालो, "इची…" आणि तो बोलला. "नी, सान, शी, गो, रोकू…" थेट दहापर्यंत, स्वच्छ. ज्याला 'पाणी' म्हणता येत नव्हतं, त्याच्या तोंडून ते ऐकून वहिनी देवासमोर जाऊन बसली. तिने त्याच्या रोजच्या पाठातला णमोकार मंत्र सुरू करून दिला तर तोही तो पुढे म्हणत गेला. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असं होतं. घोकलेलं येतं, मनातलं येत नाही. पहिला शब्द मात्र कुणीतरी द्यावा लागतो.

हे कळल्यावर मी काय केलं? चार वाजता पद्माचा फोन आला तेव्हा तो भूपालच्या तोंडाशी धरला आणि त्याच्या कानात हळूच म्हणालो, "इची." तो 'इची' उचलून दहापर्यंत गेला. पलीकडून ती हसली. मग थांबली.

"काका, आप्पा आज लाभ कसं न्हाय म्हणाले?"

हाच तो प्रश्न. तीस वर्षांत त्याने कधी मोजणी दुसऱ्या कशाने सुरू केली नव्हती आणि ते त्याच्या लेकीच्या कानाने बरोबर पकडलं होतं. मला तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "शिकला गं शेवटी. तू ओरडत होतीस ना…"

"खरंच?" ती म्हणाली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

भूपालला सगळं कळत होतं. फोन बंद झाल्यावर त्याने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि सोडेना. तोंड उघडत होता, ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. पद्माला बोलव, असं सांगत होता की बोलवू नको, असं? मला समजलं नाही. मी पुन्हा पुन्हा विचारत राहिलो, तो माझ्याकडे बघत राहिला. शेवटी मला काही सुचेना तेव्हा मी 'इची' म्हणालो, आणि तोही बिचारा पुढचे आकडे म्हणायला लागला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तोंडाने आकडे…

हे आणखी चार दिवस चाललं. परीक्षा झाली त्या दिवशी पद्माचा फोन आला, पेपर चांगला गेला म्हणाली. इतकी आनंदात होती की मी म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत भूपालला दुसरा झटका आला. दवाखान्याची गाडी दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. पद्मा तिसऱ्या दिवशी पोचली. घरात शिरली, आईच्या गळ्यात पडली आणि नंतर माझ्याकडे येऊन माझ्या पाया पडली. "काका, तुम्ही होता म्हणून," म्हणाली. मी तिला उठवलं, पण खरं तेव्हाही सांगितलं नाही.

तीन आठवडे ती होती. मी रोज जायचो, आज सांगायचं असं रोज ठरवायचो. वहिनीनेही काही सांगितलं नव्हतं, भेटायला येणाऱ्यांनाही बोलू दिलं नव्हतं, आणि ते तिने माझ्यासाठी केलं होतं, हे मला आणखी जड जात होतं. पद्मा निघाली त्या दिवशी बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर मी तिला गाडीतून सोडायला गेलो. संकेश्वर मागे पडल्यावर मी बोलायला लागलो. सगळं क्रमाने सांगितलं. अकरा दिवस, बिघडलेला कॅमेरा, कानात म्हटलेला 'इची', सगळं. आणि प्रत्येक गोष्टीला कारण जोडत गेलो. परीक्षा होती, डॉक्टर सुधारेल म्हणाले होते, तुझ्या भल्यासाठीच… ती खिडकीतून उसाकडे बघत होती.

वंटमुरीचा घाट लागला तेव्हा ती म्हणाली, "कळलं असतं तर मी लगेच आलेच असते असं न्हाय काका. कदाचित परीक्षा देऊनच आले असते. पण मी काय केलं असतं, हे मला आता कधीच कळणार नाही."

विमानतळावर मी तिची बॅग ढकलगाडीवर ठेवली. ती वाकायला लागली, नेहमीसारखी पाया पडायला. मी तिचे हात धरले.

"पद्मा, ते तू ठरवायचं होतंस. मी ठरवलं. तू विचारलंस तेव्हाही मी खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ कर."