डावं म्हणजे बाळंतिणीचं डावं

जगातलं कुठलंही दुखणं, कुठलंही सुख आणि जमलंच तर कुठलाही माणूस तीन इंग्रजी अक्षरांत बसतो, अशी श्रद्धा असलेली एकच व्यक्ती मी पाहिली. ती म्हणजे सांगलीच्या बाळंतपणाच्या दवाखान्यातल्या आमच्या थोरल्या बाई. दवाखान्यापर्यंत पोचायच्या आधी बैलगाडीतच मूल झालं, तर पाटीवर बी.बी.ए. लिहायचं, हे सगळ्याच नर्सा शिकतात. पण जेवणाच्या वेळेआधी दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यालासुद्धा बाई बी.बी.ए.च म्हणत, आणि तेही त्याच्यादेखत. तो बिचारा आपल्या शिक्षणाचं कौतुक झालं असं समजून पाटावर बसे. ज्या रोग्याला तोंडानं काही द्यायचं नाही त्याच्या उशाला एन.बी.एम. लिहितात. बाईंच्या फळीवर ती अक्षरं लोणच्याच्या बरणीवर होती, कारण त्यांना मीठ वर्ज्य होतं. एखाद्या दिवशी मात्र जेवता जेवता त्या उठत, बरणी काढत आणि म्हणत, "आज ऑर्डर बदलली."

"कुणी बदलली, बाई?"

"वॉर्ड कुणाच्या ताब्यात आहे? माझ्या. मग?"

पांढरं पातळ, पायांत आवाज करणाऱ्या वहाणा आणि खांद्यापाशी टाचलेलं उलटं घड्याळ. वेळ बघायला त्यांना मान खाली घालावी लागे. बाईंनी मान खाली घातली ती तेवढ्यापुरतीच, असं सांगलीत म्हणत. बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी त्यांच्या पिशवीत कायम असायची आणि ती बाजारातही निघायची. कलिंगड घेताना बाई खाली बसत, नळीचं एक टोक कलिंगडावर टेकवत, दुसऱ्याला कान लावत आणि टिचकी मारून डोळे मिटून घेत. भोवती माणसं जमत. कलिंगडवाली कंबरेवर हात ठेवून विचारी, "काय बाई, पोरगा हाय का पोरगी?" बाई डोळे न उघडता सांगत, "दिवस भरले नाहीत अजून. दुसरं दाखव." आणि त्यांचं कलिंगड कधी पांढरं निघालं नाही, हेही सांगायला हवं.

मी त्यांच्या हाताखाली आले ती लढाईच्या दिवसांत. पाटणच्या पलीकडच्या डोंगरातलं आमचं गाव. मराठी चौथी अर्धी टाकून माझं लग्न झालं, आणि पुढे सासरच्यांनी नांदवायचं नाही म्हणून मला भावाच्या दारात आणून सोडलं. भाऊ गरीब स्वभावाचा. वहिनीही वाईट नव्हती, पण माझं अंथरूण रोज जरा जरा उंबऱ्याकडे सरकत होतं. कुणीतरी सांगितलं की सांगलीला सुईणपण शिकवतात, राहायला जागाही देतात. निघताना वहिनी म्हणाली, "येत जा गं सणाला. पर सणालाच ये." त्या शब्दांचा अर्थ मला पुरा कळला होता. दवाखान्याचा नियम असा, की तीन महिने मुलीला ठेवून बघायचं, मग डॉक्टरसाहेब परीक्षा घेणार. पास झाली तर राहील, नाहीतर तिच्या माणसांना बोलावून घ्यायचं. मला न्यायला येणारं माणूस कोण, हेच मला ठाऊक नव्हतं.

पहिल्याच दिवशी खाटांच्या उशाला टांगलेल्या पाट्या पाहिल्या. सगळं इंग्रजी. मी बाईंना खरं ते सांगून टाकलं, "बाई, मला ए बी सी डी बी येत न्हाई."

"कशाला यायला पाहिजे?" बाई म्हणाल्या. "सव्वीस घेऊन काय करशील? आपल्या वॉर्डात निम्मीसुद्धा लागत नाहीत. झेड लिहावं लागेल असं बाळंतपण मी उभ्या जन्मात केलेलं नाही."

त्यांनी मला लागतील तेवढीच अक्षरं शिकवली, आणि तीही कामाच्या क्रमानं. आधी पी आणि व्ही, कारण आतून तपासणी. मग एफ, एच, एस, म्हणजे बाळाचे ठोके. मग पी, पी, एच, म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. ही शेवटची तीन लिहायची वेळ आली तर लिहीत बसायचं नाही, आधी ओरडायचं, हेही त्याच धड्यात. इतरांच्या इंग्रजीची सुरुवात सफरचंदापासून होते, माझी अशी झाली. अजूनही पी म्हटलं की पुढचं अक्षर व्ही असावं असंच मला वाटतं.

शेवटच्या पाळीची तारीख एल.एम.पी. म्हणून लिहायची असते. खेड्यातल्या बायकांना तारीख विचारली की त्या पदर तोंडाला लावत. बाई तारीख विचारतच नसत. "शिमग्याच्या आधी बाहेर बसली होतीस का नंतर?" की लगेच उत्तर येई, "पोळी झाली, आन् दुसऱ्या दिवशी बसले." मग बाई छताकडे बघून म्हणत, "म्हणजे मार्गशीर्ष सरता सरता बाळंत." हिशेब झाला. मीही शिकले. सण माझ्याजवळ भरपूर होते. वहिनीनं दिलेलं तेवढंच तर माझं होतं.

अडलं ते एकाच ठिकाणी. बाळाच्या डोक्याची मागची बाजू आईच्या डाव्या अंगाला आणि पुढे असली तर एल.ओ.ए., उजव्या अंगाला असली तर आर.ओ.ए. हाताला बाळाची पाठ बरोबर लागायची, पण खाटेजवळ तिच्या तोंडाकडे बघत उभं राहिलं की माझं डावं ते तिचं उजवं. दर वेळी मी उलटं लिहायची. बाई पुसायच्या, मी पुन्हा उलटं लिहायची. शेवटी एके दुपारी त्यांनी मलाच रिकाम्या खाटेवर आडवं केलं आणि माझ्या पोटावर उशी ठेवली. म्हणाल्या, "आता सांग, डावं कुठलं?" मी हात वर केला. "हं. हे डावं. खाटेवर जी आहे तिचं. या खोलीत तुझं काही नाही, बये. डावं तिचं, उजवं तिचं, कळा तिच्या, पोर तिचं. उभी राहिलीस की तुझं तुला आठवतं, तिथंच चुकतेस."

परीक्षेच्या सकाळी खाटेवर आष्ट्याची एक शेतकरीण होती, तिसरं बाळंतपण, दोन कळांमध्ये गप्पा मारणारी. डॉक्टरसाहेब हाताची घडी घालून उभे. बाई दाराशी. मी पोट तपासलं. पाठ खिडकीच्या बाजूला लागली, अगदी स्वच्छ. पण खडू घेऊन पाटीकडे वळले आणि खिडकी तिच्या कुठल्या अंगाला, हेच डोक्यातून निघून गेलं. डोळ्यांपुढे उंबरा आला. दुसरं काही सुचेना, तेव्हा मी शेजारच्या रिकाम्या खाटेवर जाऊन सरळ उताणी पडले.

"ही काय झोपली?" डॉक्टरसाहेब म्हणाले.

शेतकरीण कोपरावर उठली. "आवं बाई, तुमास्नी बी कळा सुरू झाल्या का काय?"

"झोपली नाही, साहेब," दाराशी बाईंचा आवाज आला, "पेशंटच्या जागेवरून बघतेय."

पडल्या पडल्या मी बघितलं. खिडकी माझ्या डाव्या हाताला होती. उठले आणि पाटीवर एल.ओ.ए. लिहिलं. डॉक्टरसाहेबांनी स्वतः तपासलं, पाटी वाचली आणि जाता जाता म्हणाले, "राहू दे हिला. पण खाटा मोकळ्या ठेवा म्हणावं." शेतकरणीला संध्याकाळच्या आत मुलगी झाली. त्या रात्री जेवताना बाईंनी बरणी काढली, स्वतःला न घेता लोणच्याची सगळ्यात मोठी फोड माझ्या पानात वाढली आणि म्हणाल्या, "तुला मनाई नाही."

पुढे मला साताऱ्याला काम मिळालं. वहिनीकडे मी सणाला जाते, आणि आता ती मला थांबवून घेते. बाई मात्र हळूहळू खाटेला लागल्या. मागच्या खेपेला सांगलीला गेले तर घड्याळ पातळावर नव्हतं, खुंटीला होतं. मी जवळ बसले. "कुठं दुखतंय, बाई?"

"डाव्या बाजूला."

मी हात पुढे केला, तर बाईंचे डोळे मिटलेलेच, पण त्यांनी विचारलं, "कुणाच्या गं?"

"तुमच्या."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि माझा हात आपल्या हातानं तिथं दाबून धरला. बाहेरून हळदीच्या गाड्या चालल्या होत्या. त्यांच्या उशाला पाटी नव्हती. सवयीनं मी त्यांचं दुखणं मनातल्या मनात लिहून बघितलं, पण बाईंनी मला शिकवलेल्या अक्षरांत त्यासाठी काही नव्हतं.