मांडवाच्या कोपऱ्यातलं ऊन

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो आणि हसून पान उलटतो. माझा विश्वास फक्त मालावर... हातात घेऊन, उलटसुलट बघून, भाव पाडून घेतलेल्या मालावर. दुसऱ्यांचे लाइट उचलत हे काम शिकलो आणि आज माणगावात माझा स्वतःचा व्हिडिओ शूटिंगचा धंदा आहे. मला कुणी सहज बनवू शकत नाही. तरीही हे लिहितोय, कारण ते माझ्याच कॅमेऱ्यात आहे.

कॅमेरा सेकंडहँड, मुंबईच्या एका दुकानदाराकडून घेतलेला. अंधारातही झकास चालतो म्हणत होता. मी त्याला भरदुपारी दुकानाचं शटर खाली ओढायला लावलं आणि काळोखात शूट करून बघितलं. सगळ्या पडद्यावर दाणे, जसा काही रवा उकळतोय. त्याच दाण्यांवरून घासाघीस करून घेतला. म्हणजे हा कॅमेरा कमी उजेडात काय करतो हे मला नीट माहीत होतं.

लग्न माझ्या भाचीचं, चौलच्या पुढे आमच्या कोळीवाड्यात. भाऊजी, म्हणजे तिचे वडील, बरीच वर्षं झाली, भरदुपारी होडी घेऊन गेले ते परत आले नाहीत. होडीची फळी मिळाली, माणूस नाही. ताई मात्र आजही कुंकू लावते. पत्रिका छापताना मुलाकडच्यांनी विचारलं, वडिलांच्या नावाआधी 'कै.' घालायचं ना? ताईने 'श्री.' छापून घेतलं. चार लोकांत मान खाली कुणाची गेली? माझी. लग्न मी जमवलं, बोलणी मी केली, मांडव मी उभा केला, आणि माझा शब्द कुणाला नको होता.

आमच्यात हळदीला धवलारीण लागते. ही म्हातारी संध्याकाळी गाण्यातून देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते. ताईने तिला बजावलं होतं, "त्यांचा नाव घ्याचा नाय." मी नंतर म्हातारीला बाजूला घेतलं आणि नाव घ्यायला सांगितलं. कधीतरी हे संपायला हवं होतं. मला आजही त्यात चूक वाटत नाही.

दिवेलागण झाली, गाणं सुरू झालं आणि लाइट गेली. जनरेटरवाला दोरी ओढत राहिला, पण म्हातारी थांबली नाही. समईच्या उजेडात मी शूट करत राहिलो. पडद्यावर दाणेच दाणे, बायकांचे चेहरेसुद्धा ओळखू येईनात. आजोबांचं नाव झालं, आजीचं झालं... आणि मग भाऊजींचं.

मी कॅमेरा ताईकडे वळवायला निघालो. वाटेत समुद्राकडचा कोपरा आला. तिथे एक माणूस उभा होता.

नीट सांगतो. सगळ्या चित्रात दाणे वळवळत होते, पण त्या माणसावर एकही दाणा नव्हता. स्वच्छ. शर्टाची शिवण दिसत होती. त्याच्यावर ऊन पडलं होतं... भर दुपारचं, कडक. हनुवटीची काळी सावली गळ्यावर होती. कपाळावर आडवा हात धरून, डोळे बारीक करून तो काहीतरी शोधत होता.

मी पडद्यावरून मान वर केली. कोपऱ्यात काळोख, कुणी नाही. पुन्हा पडद्यात बघितलं — उभा होता. भाऊजीच. मी कुणाच्या बापाला घाबरत नाही, पण तेव्हा पुन्हा मान वर करून बघितलं नाही. शूट चालूच ठेवलं. जनरेटर सुरू झाला, मांडव उजळला आणि पडद्यावरचा कोपरा रिकामा झाला.

ताईने यातलं काही बघितलं नव्हतं. तिने फक्त नाव ऐकलं होतं. हळदीचा हात तसाच धरून ती माझ्यापुढे आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "दर्यानं नाय मारला त्यांना, मधू. तू मारलास, आज." त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. ज्याने सगळं उभं केलं त्याच्याशी!

लग्न पार पडल्यावर मी भांडायच्या तयारीनेच मुंबईला दुकानदाराकडे गेलो. सेन्सर खराब आहे, कबूल कर म्हटलं. तो हसला. "मधूभाई, दिन का और रात का क्लिप मिक्स किया तुमने." मग त्याने मोठ्या स्क्रीनवर लावून पुढे-मागे करून बघितलं. एकच क्लिप होती, कुठे जोड नव्हता. तो माणसाच्या मागच्या खांबाकडे बघत राहिला. खांब अंधारात होता, दाण्यांनी भरलेला. त्याने स्वतःच स्क्रीन बंद केली. परत घे, पाहिजे तो भाव दे म्हटलं, तर हात जोडून म्हणाला, "फुकट में भी नहीं."

शेवटी मी ताईकडे गेलो. ओटीवर बसून तिला क्लिप दाखवली. तिने पुन्हा लावायला सांगितली, मग आणखी एकदा. पडद्यावर बोट टेकवून म्हणाली, "ऊन हाय रे त्यांच्या अंगावर. मेलेल्या माणसाला ऊन कुठला?" आणि इतक्या दिवसांनी माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली.

मी तिला म्हणालो नाही की नाव घेतल्यावरच ते आले, गेलेल्यांच्या रांगेत. आणखी एक सांगितलं नाही. तिला दाखवलेली क्लिप मी कापून नेली होती, कपाळावर हात आहे तिथपर्यंतच. पुढचं थोडं माझ्याकडे आहे. त्यात भाऊजी हात खाली घेतात. ना मुलीकडे बघतात, ना ताईकडे. थेट माझ्याकडे बघतात आणि सावकाश मान हलवतात... नाही.

काय नाही? मेलो नाही? बोलावू नकोस? की आता येणार नाही? जाणकारांना विचारलं, कॅमेरावाल्यांना विचारलं, कुणालाच सांगता येत नाही. ताई अजून कुंकू लावते. आता मी तिला अडवत नाही.