घरून इथपर्यंत कसे आलात?

‘बाई, नलिनी मॅडम…’ एवढंच म्हणाला समीर फोनवर, आणि थांबला. पुढे त्याने वाक्य पुरं केलं असेल, काय कसं झालं तेही सांगितलं असेल. मला त्यातलं काही आठवत नाही, ती मधली गप्प जागा तेवढी आठवते. समीर हा नलूच्या हाताखाली तयार झालेला इंजिनिअर. एकदा बोलायला लागला की कुणाला ऐकत नाही. तो थांबला म्हणजे काय झालं असणार, हे मला तिथेच कळलं. माणूस कुठे थांबतो ते आधी ऐकायचं आणि काय बोलतो ते मागाहून, हे आम्हा दोघांना नलूनेच शिकवलं होतं. तिच्याच बातमीसाठी ते कामाला यावं, याचा मला फार राग आला. अजूनही तो गेलेला नाही.

वर्तमानपत्रांत छापून आलं की वैद्यकीय क्षेत्रात कृत्रिम बुद्धिमत्ता आणणाऱ्या तज्ज्ञ गेल्या. खरंच आहे ते. पण तज्ज्ञ वगैरे ती इतरांसाठी. माझ्यासाठी ती लालबागच्या चाळीत आमच्या भिंतीपलीकडे राहणारी नलू होती. आमच्यातली भिंत इतकी पातळ की इकडे फोडणी पडली की तिकडे शिंक यायची. तिचे वडील, ज्यांना सगळी चाळ तात्या म्हणायची, गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होते. आम्ही खाली चौकात खेळत असायचो आणि दिवेलागणीला तात्या वरच्या गॅलरीतून हाक मारायचे, “नलू गो, वर ये बगू, जेवाण निवता.” रविवारी ही हाक एका दमात यायची. सोमवारी, सुट्टीनंतर पुन्हा खात्यात जाऊन आले की तिचे तुकडे पडायचे. “नलू गो…” मग खोकला. “वर ये…” पुन्हा खोकला. निवणाऱ्या जेवणापर्यंत तात्या पोचायचेच नाहीत. नलू खेळता खेळता मान वर करायची आणि म्हणायची, “आज सोमवार.” आम्हाला ती गंमत वाटायची. वार कळायला आम्हाला कॅलेंडर लागत नसे.

मग संप झाला. गिरण्यांचे भोंगे बंद झाले आणि चाळीतली माणसं भल्या सकाळी उठून, अंघोळ करून, नुसतीच बसून राहू लागली. संप लांबत गेला तशा घराघरातल्या वस्तू कमी होत गेल्या, त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. नलूच्या घरात मात्र आणखी एक गोष्ट घडली आणि ती बोलून दाखवायची चोरी होती. तात्यांचा खोकला कमी झाला. सोमवार असो की गुरुवार, हाक एका दमात येऊ लागली, “नलू गो, वर ये बगू, जेवाण निवता,” आणि वर जावं तर जेवण म्हणजे पेज. नलूची आई एकदा माझ्या आईपाशी येऊन बसली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, “वयनी, देवाक नारळ ठेवू तो खोकलो थांबलो म्हणान, की गिरण सुरू होवंदे म्हणान?” नलू दारात उभी राहून ऐकत होती. पुढे मोठमोठ्या सभांमध्ये तिला विचारायचे की तुम्ही या क्षेत्राकडे कशा वळलात, तेव्हा ती काहीतरी गुळगुळीत सांगून मोकळी व्हायची. मला विचाराल तर ती त्या दारातून वळली.

गिरणी पुन्हा उघडली नाही. तात्या दादरच्या एका इमारतीत लिफ्ट चालवायला लागले. पण इतक्या वर्षांचा कापूस छातीत जाऊन बसला होता, तो काही निघाला नाही. नलू कॉलेजात होती तेव्हा त्यांची तब्येत एकदम बिघडली. ती त्यांना घेऊन जवळच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? तात्या म्हणाले, “काय नाय… बरा आसा.” डॉक्टरांसमोर रांग होती. त्यांनी खोकल्याचं औषध दिलं आणि पुढच्याला बोलावलं. नलूला सांगायचं होतं की ते ‘काय नाय’ म्हणाले आणि मग थांबले, त्या थांबण्याकडे बघा. पण हे डॉक्टरांना कोणत्या शब्दांत सांगायचं, ते तिला सुचेना. तात्या त्याच आठवड्यात गेले. ती डॉक्टरांना कधी वाईट बोलली नाही. एवढंच म्हणायची, “त्यांना ऐकायला वेळ नव्हता गं. कुणाला तरी असायला हवा होता.”

इलेक्ट्रॉनिक्स शिकून ती परळच्या एका मोठ्या रुग्णालयात लागली ती यंत्रं दुरुस्त करायला. हृदयाचे आलेख काढणारी यंत्रं उघडून त्यातली झुरळं झटकण्यापासून तिची सुरुवात झाली. मग केसपेपर संगणकावर आणायचं काम तिच्या गळ्यात पडलं, आणि ते तिने असं काही निभावलं की पुढे जे जे नवं येईल ते तिच्याच टेबलावर यायला लागलं. लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायची, वेळ मिळाला तर बघू. मी तोवर दादरच्या शाळेत मराठी शिकवून, नवरा, मुलं, सून असं सगळं पार पाडून निवृत्त झाले होते. आणि एक दिवस तिचा फोन आला, “कुंदे, तुला नोकरी आहे. पोरांचं शुद्धलेखन तपासून झालं असेल तर आता माझ्या यंत्राचं तपास.”

यंत्राचं काम सांगायला सोपं होतं. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, केसपेपरच्या खिडकीशेजारी एक पेटी बसवायची. ती येणाऱ्याला विचारणार की काय त्रास होतोय, त्याचं बोलणं ऐकणार आणि नर्सला सांगणार की एवढ्या गर्दीत कुणाला आधी आत घ्या. डॉक्टर सगळ्यांनाच तपासणार होते, प्रश्न फक्त रांगेचा होता. पण पेटीचं मराठी अगदीच पुस्तकी निघालं. एक आजी म्हणाल्या, मोरीत पडले आणि बांगडी वाढली. यंत्राने त्यांना सूज आलेल्यांमध्ये टाकलं. बांगडी फुटली की आपण ती ‘वाढली’ म्हणतो, हे त्याला कोण सांगणार? म्हणून मला बोलावलं. कानाला हेडफोन लावून रुग्णांचं बोलणं ऐकायचं आणि जसंच्या तसं टाइप करायचं. मी बाई पडले शिस्तीची. माणूस जिथे थांबला तिथे मी तीन टिंबं देत गेले. समीर मला म्हणाला की बाई, ही टिंबं मला काढून टाकावी लागतात, यंत्राला कचरा होतो. मी म्हटलं, काढ बापडा, पण मी देणार. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा शब्द नलूला आवडत नसे. म्हणायची, बुद्धी कसली, कान आहे तो, आणि अजून कच्चा आहे.

उद्घाटनाचा दिवस ठरला, कुणी मोठे पाहुणे येणार म्हणून भिंतीला रंग लागला, आणि त्याच्या थोडं आधी चाचणी सुरू असताना वरळी कोळीवाड्यातली एक मासळीवाली आली. लेक तिला जबरदस्तीने घेऊन आली होती. पेटीपुढे ती जे बोलली ते यंत्राने ऐकलं, त्यात दुखण्याचा एकही शब्द सापडला नाही, आणि तिचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागला. नलू सहज तिथून जात होती. बाकावर बसलेल्या त्या बाईचे खांदे तिला दिसले, वरखाली होणारे. तिने तिला हाताला धरून थेट आत नेलं. छातीत पाणी भरलं होतं. बाई वाचली, पुढे नलूला सुरमई घेऊन भेटायलाही आली. पण त्या दुपारी नलू आमच्या खोलीत आली ती पांढरीफटक होऊन. तिने त्या बाईचं बोलणं लावायला सांगितलं. समीरने लावलं. आवाज स्वच्छ होता, बातम्या दिल्यासारखा सलग: बरी हाय मी काय नाय पोरगी उगाच आणते. मग नलूने माझा कागद मागितला. त्यावर मी मूळ आवाज ऐकून टाइप केलं होतं, बरी हाय… मी… काय… नाय… पोरगी… उगाच… आणते. संगणकातली जागा वाचावी म्हणून समीरच्या प्रोग्रॅमने आवाजातल्या सगळ्या रिकाम्या जागा काढून टाकल्या होत्या.

नलू रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, “समीर, तू तिचा श्वासच कापून टाकलास रे.”

दुसऱ्या दिवशी तिने वरिष्ठांना सांगितलं की उद्घाटन होणार नाही. यंत्राला सगळं पहिल्यापासून शिकवावं लागेल. तिकडून बरंच ऐकून घ्यावं लागलं तिला. पाहुण्यांना काय सांगायचं, आणि एका बाईचं एवढं काय, डॉक्टर होतेच ना तिथे. समीर त्या बैठकीला होता. तो सांगतो की मॅडमनी वाद घातलाच नाही. आधी सलग आवाज ऐकवला, मग मूळचा, आणि विचारलं की यातला कुठला आवाज तुमच्या आईचा असेल तर तुम्हाला चालेल? उद्घाटन पुढे गेलं ते गेलंच. मी पुन्हा टिंबं द्यायला बसले, आणि या खेपेला समीर माझ्या शेजारी बसून त्यातलं एकही टिंब गाळलं जात नाही ना हे पाहत होता. मी त्याला त्यावरून पुष्कळ छळलं.

तरी एक अडचण राहिलीच. आपली माणसं बोलायलाच तयार नसत. काय होतंय विचारलं की ‘काय नाय’, कसं वाटतंय म्हटलं की ‘बरं आहे’, की संपलं. एवढ्याशा बोलण्यात यंत्राने श्वास तरी कुठून शोधायचा? नलू याने अगदी जेरीला आली होती. अशात एका संध्याकाळी ती दादरला माझ्याकडे आली. मी दार उघडून म्हटलं, कशी आहेस? ती म्हणाली, बरी आहे. मी पाणी दिलं आणि सवयीने विचारलं, “आलीस कशी?” मग ती सुरू झाली. परळहून चालतच निघाले गं, म्हटलं तेवढेच पाय मोकळे होतील, पुलावर जरा बसले, मग फुलवाल्यापाशी थांबले… आणि मध्येच थबकली. “कुंदे, तू आत्ता काय विचारलंस?” तिचे डोळे चमकले. घरून इथपर्यंत कसे आलात, हा तो प्रश्न! चालत की टॅक्सीने, जिना चढताना कुणी हात दिला का, वाटेत कुठे टेकलात का, सगळं माणूस आपणहून सांगतो, कारण त्यात त्याला दुखण्याची तक्रार केल्यासारखं वाटत नाही. ती आनंदाने बोलत होती आणि माझ्या डोक्यात भलतंच अडकलं होतं. मी म्हटलं, नलू, तू पुलावर का बसलीस?

तिने उडवून लावायचा प्रयत्न केला. मी ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी तिच्याच रुग्णालयात तिला नेलं, आणि हृदयाची एक झडप खराब झाल्याचं निघालं. तिच्या प्रश्नाने पकडलेली पहिली रुग्ण तीच. पुढे शस्त्रक्रिया झाली, मूठमूठ गोळ्या आल्या, आणि आम्हाला ती आणखी काही वर्षं मिळाली. ती वर्षं मी कुणाला देणार नाही.

पेटीसाठी आवाज विकत आणला होता, तो रेल्वेच्या घोषणेसारखा वाटायचा. म्हणून माझा घेऊन पाहिला. माझ्या आवाजाने लोक ताठ उभे राहू लागले आणि एका आजोबांनी चक्क ‘हजर’ म्हटलं. नलू इतकी हसली की तिला धाप लागली आणि मी घाबरले. अखेर तिने स्वतःचाच आवाज दिला. यंत्र सुरू झालं, परळहून इतर गावांतही गेलं, तिला मानसन्मान मिळाले. मिळालेल्या शाली ती समीरच्या आईला देऊन टाकायची.

शेवटची भेट रुग्णालयातच झाली, वरच्या मजल्यावर. तिचा हात हातात घेतला तर हलका लागला. मी मुद्दाम विचारलं, कशी आहेस गं? ती माझ्याकडे बघून तात्यांसारखी भुवई उडवून म्हणाली, “काय नाय… बरा आसा.” आम्ही दोघी हसलो. मग मला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं.

परवा मला रक्तदाब दाखवायला तिथेच जायचं होतं. समीर म्हणाला, बाई, मी तुम्हाला थेट वर नेतो. मी नको म्हटलं. रांगेत उभी राहिले. पेटीपुढे माझा नंबर आला आणि नलूने मला विचारलं, “घरून इथपर्यंत कसे आलात?” उत्तर मी घरून निघतानाच ठरवून ठेवलं होतं. स्वच्छ, पूर्ण वाक्यात.

“चालत आले…” मी म्हटलं. पुढचं काही केल्या येईना. मागे माणसं उभी होती. “…एकटीच आले.”

मी बाकावर जाऊन टेकते न टेकते तोच एक नर्स लगबगीने आली. कोवळी मुलगी, मला ओळखत नव्हती. म्हणाली, आजी, चला, तुम्हाला आधी आत घ्यायला सांगतंय, धाप लागलीय का?

“नाही गं,” मी म्हटलं. “बरं आहे.”

“बरं आहे म्हणणाऱ्यांना तर आधी घ्यायचं,” ती माझा हात धरत म्हणाली. “मॅडमनी सांगून ठेवलंय.”

मी निमूट उठून तिच्याबरोबर आत गेले.