जिना न चढणारे सर

वर्गात आले की सर आधी वाकून तळहात जमिनीवर टेकवायचे. पोरं गप्प व्हायची. जरा वेळानं ते म्हणायचे, "हं, झोपलेली हाय," आणि मग खडू उचलायचे. नवी पोरं हसायची. पण थोड्याच दिवसांत त्यांचेही पाय बाकाखाली आपोआप स्थिर व्हायचे.

भूकंपानंतर मी लातूरला पत्रे विकत होतो. औशाकडचे हे मास्तर दुकानात आले. बायको आणि लेक घराच्या दगडमातीखाली गेलेल्या. पत्र्यावर टिचकी मारून त्यांनी विचारलं, "हा पडला तर माणूस मरंल का?"

"खोक पडंल, मरणार न्हाई."

"मग द्या."

भाव केलाच नाही. गिऱ्हाईक भाव करत नाही तेव्हा मला हरल्यासारखं वाटतं.

पुढे क्लासचं वारं सुटलं. मी पत्र्याच्या शेडमध्ये क्लास काढला आणि जीवशास्त्राला सरांना आणलं. देगलूर, उमरीहून पोरं येऊ लागली, तशी शेजारी तीन मजली इमारत बांधली. सर वर चढेनात. मी घासाघीस केली, आवाज चढवला. "सर, पत्र्याखाली पोरं भाजून राहिलीत!"

"भाजलेली पोरं सांजच्याला घरी जातात, शेठ."

एका सकाळी ते आले ते वाकलेच नाहीत. कठड्याला धरत, थांबत थांबत, सरळ वरच्या मजल्यावर गेले. शेवटी माझंच खरं झालं म्हणून मी इमारतभर पेढे वाटले. त्यांनीही एक खाल्ला. मग मीही एक तोंडात टाकून मागच्या बाकावर जाऊन बसलो.

त्यांनी फळ्यावर यकृत काढलं. "पेशीला विभाजनाचा हुकूम देणारं जनुक असतं. हुकूम देऊन त्यानं गप बसायचं. यकृताच्या कॅन्सरात कधी कधी ते गप बसत न्हाई. गाठ वाढत जाती. आन् तेच जनुक पेशीला जागा सोडून रक्तातनं चालायलाबी शिकवतं. यकृतातली पेशी फुप्फुसात घर करती."

एका मुलीनं विचारलं, "सर, पेशंटला कळतं का हे?"

सरांनी उजव्या बरगडीखाली तळहात टेकवला. जमिनीवर टेकवायचे तसाच, सपाट. पोरं सवयीनं गप्प झाली.

"कळतं," ते म्हणाले. "ती झोपत न्हाई."

माझ्या तोंडातला पेढा कडू झाला. तास संपल्यावर जिन्यातच त्यांना अडवलं. "मला सांगायचं न्हाई? हैदराबादला चला. डॉक्टरशी मी बोलतो!"

"फुप्फुसात गेलंय, शेठ. आता घासाघीस कुणाशी करता?"

"मग आजच कशाला चढलात वर?"

"जमिनीची भीती ऱ्हायली न्हाई."

पोरांचा निकाल लागायच्या आधी ते गेले. माझा राग गेलेला नाही. मी जिंकलो असं त्यांनी मला वाटू दिलं, वर माझ्या हातचा पेढाही खाल्ला.

शेड मी पाडली नाही. बिल्डर भाव वाढवत येतात, मी हाकलून देतो. परवा भर दुपारी आत गेलो आणि वाकून जमिनीवर हात टेकवला. झोपलेली होती. तरी हात उचलवेना. खालून कुणीतरी तसाच सपाट तळहात माझ्या हाताला टेकवून धरल्यासारखं वाटत होतं.